हळदीच्या गोळ्या घेण्याआधी काय पाहावं, कशा घ्याव्यात, कधी थांबावं

माझ्या आईचे गुडघे दुखायला लागले तेव्हा चार जणांनी चार कंपन्यांच्या हळदीच्या गोळ्या सुचवल्या. त्यातली एकही सुरू करण्याआधी आम्ही जे केलं, तेच इथे क्रमाने सांगते.

1. हळद आणि गोळी एक समजू नका

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भावंड-संयुगांमुळे येतो. वाळलेल्या हळदपुडीत कर्क्युमिन भरतं साधारण 3 टक्के. म्हणजे चहाच्या चमचाभर, सुमारे 3 ग्रॅम हळदीतून जेमतेम 100 मिलिग्रॅम मिळतं. सांधेदुखीवरच्या चाचण्यांत मात्र रोज 1000 ते 1500 मिलिग्रॅम अर्क दिला जातो. जेवणातली हळद खुशाल खा, पण गोळी घेताय म्हणजे औषध घेताय, असंच धरून चाला.

2. कोणत्या त्रासासाठी, ते आधी ठरवा

दाह म्हणजे शरीराचीच बचावाची आग. ती विझलीच नाही, धुमसत राहिली, की सांधे, रक्तवाहिन्या, स्वादुपिंड असे सगळ्यांनाच चटके बसतात. पेशींमध्ये ही आग पेटवणारं एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन असतं आणि प्रयोगशाळेत कर्क्युमिन त्याला आवर घालतं. म्हणूनच मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सगळीकडे हळदीचं नाव निघतं.

पण काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या आणि माणूस वेगळा. 2017 साली औषध-रसायनशास्त्रज्ञांनी या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. कर्क्युमिन स्वतः चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि पटकन विघटित होतं. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांत ते काम करतंय असा नुसता भास होतो, असं त्यांनी दाखवून दिलं. मला हा इशारा फार मोलाचा वाटतो.

त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो गुडघ्यांच्या झिजेबाबत. थायलंडमध्ये 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 367 रुग्ण होते. काहींना रोज 1200 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे वेदनाशामक दिलं, काहींना 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क. चार आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच उतरलं होतं आणि अर्कवाल्यांत पोटाच्या तक्रारी कमी होत्या. कर्करोग किंवा मधुमेहाचं चालू औषध सोडून हळदीवर राहणं मात्र जिवाशी खेळ आहे. ते कुणीही करू नये.

3. अंगी लागेल असं घ्या

पाण्यात हळद ढवळून ठेवा, थोड्या वेळात ती तळाशी बसते. तीच कोमट तेलात टाका, सगळं तेल पिवळंजर्द होतं. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून ते रिकाम्या पोटी न घेता थोडं तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्यावं.

मिऱ्याचं काय? 1998 साली एका छोट्या अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तेव्हा शोषण सुमारे 20 पटींनी वाढलं. पिपेरिन म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक. पण यकृत जी यंत्रणा वापरून औषधांचा निचरा करतं तिलाच तो अडवतो, त्यामुळे तुमच्या इतर गोळ्यांचा अंमलही वाढू शकतो.

4. चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा

वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, मधुमेहाच्या गोळ्या, अपस्माराची औषधं, सगळं लिहून न्या. पित्ताशयात खडे असतील, मुतखड्याचा त्रास असेल, लोह कमी असेल किंवा गरोदरपण असेल, तर विचारल्याशिवाय गोळी नकोच. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेही सांगा.

5. डबी वाचा

‘हळद 500 मिलिग्रॅम’ आणि ‘कर्क्युमिनॉइड 95 टक्के असलेला अर्क 500 मिलिग्रॅम’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्क्युमिनॉइड म्हणजे कर्क्युमिन आणि त्याची भावंड-संयुगं. स्वतंत्र प्रयोगशाळेने शिसं तपासल्याचा उल्लेख शोधा, कारण रंग खुलवायला हळदीत लेड क्रोमेट या शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची भेसळ होते.

6. नोंद ठेवा

आई रोज वहीत एकच गोष्ट लिहायची: जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबावं लागलं. ‘बरं वाटतंय’ यापेक्षा हा आकडा खरा. सहा-आठ आठवड्यांत तो हलला नाही, तर गोळ्या बंद करा.

आणि एक गोष्ट वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. अमेरिकेत हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेल्या 10 रुग्णांची माहिती तपासली गेली. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. त्यांच्यापैकी सात जणांमध्ये एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला, पण तो आपल्यात आहे का हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं. म्हणून डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली किंवा अंगाला खाज सुटली, तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. डबी टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.