कॉम्बिनेशन शिकवताना फॉर्म्युला शेवटी ठेवला (माझा अनुभव)

कॉम्बिनेशन म्हणजे क्रम न बघता काही जण किती प्रकारे निवडता येतात ते. त्याचा फॉर्म्युला पोरांना तोंडपाठ होता, पण खाली आर फॅक्टोरियलने (आर म्हणजे जितके निवडायचे तितके, आणि फॅक्टोरियल म्हणजे त्या आकड्यापासून १ पर्यंतचा गुणाकार) भागायचं कशाला हे कुणालाच सांगता येईना. म्हणून फॉर्म्युला बाजूला ठेवला, पाच जणांना पुढे बोलावलं आणि सगळ्यांना एकमेकांशी हात मिळवायला लावले. प्रत्येकाचे चार, म्हणजे पाच चोक वीस असं सगळे ओरडले, पण मोजले तर १०च! एकीच्या लगेच लक्षात आलं, तिने त्याच्याशी मिळवला काय नि त्याने तिच्याशी काय, हात एकदाच मिळतो ना, म्हणून दोनने भागायचं.

मग त्याच पाचातून तिघांची टीम. नावं ओळीने लिहिली तर ५ × ४ × ३ = ६०, पण तीच तीन नावं ३ × २ × १ = ६ प्रकारे उलटसुलट येतात आणि टीम मात्र तीच राहते, म्हणून ६० भागिले ६, परत १०. आता हे परत १०च का, यावर खरी चर्चा रंगली, तिघं निवडले की दोघं आपोआप बाहेर राहतात हे त्यांचं त्यांनीच शोधलं, मला फार भारी वाटलं.

आता कुठलंही गणित आलं की आधी एवढंच विचारायला लावते, दोघांच्या जागा बदलल्या तर उत्तर वेगळं धरायचं का? कॅप्टन आणि व्हाइस कॅप्टन निवडायचे असतील तर हो, नुसती टीम असेल तर नाही.