घरचं सांगता सांगता इंग्रजी: परदेशी विद्यार्थ्यांचा गप्पागट कसा चालवावा

येमेन, इराक, इराण, अफगाणिस्तान, इथिओपिया, टांझानिया अशा देशांतून पुण्यात शिकायला आलेल्या बऱ्याच मुलामुलींचं व्याकरण ठीक असतं, गाडी अडते ती बोलताना. त्यांना असा विषय लागतो जो त्यांना पक्का ठाऊक आहे आणि समोरच्याला अजिबात नाही. घर हा तसा विषय आहे. येमेनच्या राजधानीत, सनामध्ये, सकाळी नाश्त्याला काय असतं हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे आपले प्रश्नही खरे निघतात.

विद्यार्थी सहा किंवा आठ घ्या, इथले स्वयंसेवक दोनच. तिसरा आला की मराठी मंडळी आपापसातच रंगतात आणि पाहुणे ऐकत बसतात. एकच भाषा बोलणारे दोघे शेजारी बसवू नका. दीड तास पुरतो. शुक्रवारची दुपार जुम्म्याच्या नमाजासाठी सोडा. रमजानमध्ये चार ते साडेपाच ही वेळ धरा, म्हणजे रोजा सोडायला घरी पोचता येतं. त्या महिन्यात चहाबिस्किटंही मांडू नका.

‘तुझ्या देशाबद्दल सांग’ असं विचारलंत की राजधानी, लोकसंख्या आणि राष्ट्रीय फूल ऐकायला मिळेल. विषय लहान करा. घरात सगळ्यात आधी कोण उठतं? शाळेच्या वाटेवर कुठली दुकानं लागायची? पाहुणा आला की आधी काय पुढे येतं? घरून आणलेली मुठीत मावेल अशी एखादी वस्तू आणायला सांगितली तर फारच छान. फोटो चालेल, पण घरच्या माणसांचे फोटो आपणहून मागू नका. काही कुटुंबांत बायकांचे फोटो परक्यांना दाखवत नाहीत.

आता मुख्य व्यायाम, चार-तीन-दोन. निम्मे सांगणारे, निम्मे ऐकणारे, समोरासमोर खुर्च्या. सांगणाऱ्याने आपली गोष्ट चार मिनिटांत सांगायची. मग ऐकणारे एक खुर्ची सरकतात आणि तीच गोष्ट नव्या माणसाला तीन मिनिटांत, पुढच्याला दोन मिनिटांत. मग बाजू बदला. सरकासरकी धरून सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागतात. काय सांगायचं ते पहिल्या फेरीतच ठरून जातं, म्हणून पुढे सगळं लक्ष शब्दांवर राहतं आणि अडखळणं कमी होतं. ऐकणारा मात्र दरवेळी नवाच हवा. ज्याने एकदा ऐकलंय त्यालाच पुन्हा सांगताना मुलं कंटाळून उरकतात. अगदी नवख्यांना चार मिनिटं झेपत नाहीत, त्यांना तीन, दोन आणि दीड द्या. संख्या विषम झाली तर स्वयंसेवकाने खुर्ची भरायची.

बोलणं चालू असताना चूक सुधारू नका. चिठ्ठीवर टिपा आणि शेवटी प्रत्येकाला दोनच चुका सांगा, त्याही अर्थ बिघडवणाऱ्या. कुठे काय अडणार हे मातृभाषेवरून बरंचसं आधीच कळतं. अरबीत वर्तमानकाळात ‘इज’ लागत नाही, म्हणून ‘माय फादर टीचर’ येतं. फारसीत आणि टांझानियातल्या स्वाहिलीत तो आणि ती यांना एकच सर्वनाम आहे, त्यामुळे आजी मध्येच इंग्रजीतला ‘ही’, म्हणजे ‘तो’, होते. फारसीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर नसतं, मग ‘स्टुडंट’चा ‘एस्टुडंट’ होतो.

अरबीत ‘प’ नाही, तिथे ‘पार्किंग’ची ‘बार्किंग’ होते. यावर ओठांसमोर कागदाचा कपटा धरायची युक्ती आहे: इंग्रजी ‘पेन’ म्हटलं की कपटा हलायला हवा. इथे पंचाईत आपलीच होते. मराठी ‘प’ हवा न सोडता येतो, त्यामुळे आपण ‘पेन’ म्हटलं तर कपटा जागचा हलत नाही आणि अरबी कानाला तो ‘ब’सारखा वाटू शकतो. दाखवण्याआधी स्वतः सराव करा. याउलट ‘थिंक’मधला दातांत जीभ धरून काढायचा आवाज प्रमाण अरबीत आहे, आपल्याकडे नाही. तो त्यांनाच आपल्याला शिकवू द्या. शिकवणारा चुकतोय हे दिसलं की गप्प बसणारेही बोलू लागतात.

वेळ सांगणं हा वेगळा धडा करा. स्वाहिलीत आणि इथिओपियात तास पहाटेपासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात हा त्यांचा एक. ‘थ्री ओक्लॉक’ ऐकून कोणी सकाळी नऊला आलं तर त्याला तास मोजायचं त्याचं गणित फळ्यावर काढायला सांगा, वीस मिनिटं सहज जातात.

हमखास रंगणारा दुसरा विषय उपवास. रमजानच्या रोज्यात दिवसा पाणीही नाही. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य करतात. आणि आपण एकादशीला तुपातली साबुदाण्याची खिचडी दह्यासोबत खातो! हा उपवास कसा, हे इंग्रजीत पटवून देताना आपलीच दमछाक होते. तुलना करणारी वाक्यरचना इथे आपोआप येते, वेगळी शिकवावी लागत नाही.

काही प्रश्न मात्र टाळाच: घरी परत कधी जाणार, तिकडे युद्ध संपलं का, घरचे सुरक्षित आहेत ना. आपल्याला ही आपुलकी वाटते, पण उत्तर देणाऱ्याचा घसा दाटतो. सुरुवातीलाच प्रत्येकाला एक कोरं कार्ड द्या. ते उलटं ठेवलं की ‘पुढे चला’, कारण विचारायचं नाही. कोणी स्वतःहून बोललं तर शब्द सुधारू नका, ऐका.

शेवटची पंधरा मिनिटं लेखनाची. दोघा-दोघांची जोडी करा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने त्याच्याच शब्दांत साताठ ओळी उतरवायच्या. मग सांगणाऱ्याने त्या मोठ्याने वाचायच्या. आपलंच बोलणं असल्यामुळे अवघड शब्दही वाचता येतात. कागद तारीख घालून जपून ठेवा आणि सहाव्या आठवड्यात तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावून दोन्ही कागद शेजारी ठेवा.