गोठलेलं तळं पायी ओलांडताना
उत्तर ध्रुवाकडच्या खेड्यांत हिवाळ्यात गोठलेलं तळं हीच जवळची वाट असते. पण बर्फ मोजल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नका. काठाजवळ गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजा आणि पुढेही थोड्या थोड्या अंतरावर मोजत राहा. चालायला किमान १० सेंमी पारदर्शक, निळसर बर्फ हवा. दुधाळ बर्फाची ताकद निम्मीच, म्हणून तो २० सेंमी हवा. ओढ्याच्या मुखाशी आणि लव्हाळ्यांजवळ जाऊ नका. वर भुसभुशीत हिम साचलं असेल तर जास्तच जपा, कारण ते गोधडीसारखं थंडी अडवतं आणि खालचा बर्फ जाड होत नाही.

लाकडी मुठीचे दोन दाभण गळ्यात हवेतच. बर्फ फुटलाच तर आलात त्याच दिशेला वळा, दाभण रोवा, पाय जोरात मारत पोटावर सरका आणि उभं न राहता लोळत काठाकडे या.