‘एल्डर स्क्रोल्स’ खेळताना या चुका टाळा : अरीना ते स्कायरिम, प्रत्येक गेमचं गणित वेगळं

‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेतला ‘स्कायरिम’ संपवलेला माणूस मोठ्या हौसेने त्याच मालिकेतला जुना ‘मोरोविंड’ सुरू करतो आणि तासाभरात वैतागून बंद करतो. हातातला खंजीर खेकड्याच्या अंगात घुसताना डोळ्यांना दिसतो, पण खेकड्याला काहीच होत नाही. मग तक्रार ठरलेली : गेम जुना आहे, बिघडलेला आहे.

गेम ठणठणीत आहे. त्याचे नियम निराळे आहेत, इतकंच. १९९४च्या ‘अरीना’पासून २०११च्या ‘स्कायरिम’पर्यंत बेथेस्डा कंपनीने या मालिकेचे पाच मुख्य भाग काढले आणि दर वेळी आधीच्या भागात खटकलेलं काढून टाकून तिथे काहीतरी नवीन बसवलं. त्यामुळे एका भागात अंगवळणी पडलेली सवय दुसऱ्या भागात नडते. खालच्या बहुतेक चुका यातूनच होतात.

पहिल्या भागापासूनच खेळायचा हट्ट

मालिका समजून घ्यायची तर ‘अरीना’पासूनच सुरुवात हवी, असं अनेकांना वाटतं. ‘अरीना’ मुळात ग्लॅडिएटरांच्या स्पर्धेचा गेम होणार होता. काम पुढे सरकलं तशी बाजूची भटकंती वाढत गेली, स्पर्धा गळून पडली आणि नाव तेवढं उरलं. इतिहास म्हणून तो जरूर पाहावा. पण त्यावरून मालिकेबद्दल मत बनवू नका.

१९९६चा ‘डॅगरफॉल’ मात्र खेळण्याजोगा आहे. एखादं कौशल्य जितकं वापराल तितकं ते वाढतं, हा मालिकेचा कणा इथे पहिल्यांदा आला. इथली नेहमीची चूक म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावी पायी जाणं. या नकाशाचं क्षेत्रफळ ग्रेट ब्रिटनच्या जवळपास जातं, हजारो वस्त्या संगणकाने सूत्रावरून तयार केल्या आहेत आणि दोन गावांच्या मधल्या रानात पाहण्यासारखं जवळजवळ काही नाही. नकाशा उघडा, गाव निवडा, प्रवास करा. गेमची रचनाच तशी आहे. दुसरी गोष्ट, कामांना मुदत असते. ‘बघू नंतर’ ही स्कायरिमची सवय इथे थेट काम हातचं घालवते.

अगदी पहिल्याच तळघरात एक उडता इम्प (छोटा राक्षस) भेटतो आणि लोखंडी हत्याराने त्याला ओरखडाही उठत नाही. पोलादी किंवा त्याहून चांगलं हत्यार हाताशी नसेल तर मंत्र वापरा, तोही नसेल तर सरळ पळा. त्यात कमीपणा काही नाही. हा भाग २००९पासून मोफत मिळतो. जुनी डॉसची आवृत्ती चालवत बसण्यापेक्षा चाहत्यांनी नव्याने बांधलेली ‘डॅगरफॉल युनिटी’ घ्या, निम्म्या अडचणी तिथेच संपतात.

मोरोविंड : वार चुकतो, तो का?

२००२च्या ‘मोरोविंड’मध्ये तलवार शत्रूला भिडताना दिसली तरी वार लागला की नाही, हे आतल्या हिशेबावर ठरतं. हिशेब असा : हत्याराचं कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग. येणाऱ्या आकड्याला दमाच्या गुणकाने गुणायचं. दम पूर्ण असेल तर गुणक १.२५, दम संपला असेल तर ०.७५.

नवा खेळाडू काय करतो ते पाहा. सेडा नीन या सुरुवातीच्या गावातल्या जकात कचेरीत पडलेला खंजीर उचलतो. त्याने पात्र निवडलंय कुऱ्हाडवालं, म्हणजे छोट्या पात्याचं कौशल्य जेमतेम १०. चपळाई ४०, नशीब ४० धरू. बेरीज २२. त्यात तो बाहेर पडल्यापासून सतत धावतोय आणि या गेममध्ये धावलं की दम जातो. म्हणजे २२ गुणिले ०.७५, साधारण १६ टक्के. शत्रूची चपळाई यातून आणखी वजा होते. सहातला एक वार लागला तरी पुष्कळ!

आता तोच माणूस गावातल्या आरिलच्या दुकानातून आपल्या कौशल्याचं हत्यार घेतो. कौशल्य ४०, बेरीज ५२. लढाईच्या आधी थांबून दम भरून घेतो. ५२ गुणिले १.२५, म्हणजे ६५ टक्के. गेम तोच, खेकडा तोच. म्हणून मोरोविंडमध्ये दोनच गोष्टी आधी लक्षात ठेवा : पात्राचं मुख्य कौशल्य ज्या हत्याराचं, तेच हातात घ्या आणि दमाची हिरवी पट्टी रिकामी असताना कोणाच्या वाटेला जाऊ नका.

मंत्रशक्तीही इथे आपोआप भरत नाही. त्यासाठी झोप घ्यावी लागते, नाहीतर औषधाची बाटली.

दुसरी मोठी अडचण रस्त्याची. नकाशावर बाण नाही. कुठे जायचं ते माणसं बोलून सांगतात आणि ते रोजनिशीत लिहिलं जातं. संवाद न वाचता पुढे जाणारा इथे हमखास हरवतो. बाल्मोरा शहरातला हासफाट ड्वेमर या नामशेष जमातीची कोड्याची पेटी आणायला जिथे पाठवतो, ते आर्कंगथांड हे याचं नेहमीचं उदाहरण. जुना पूल ओलांडून माणूस अवशेषांपाशी पोहोचतो, समोर मोठा गोल दरवाजा दिसतो आणि तो काही केल्या उघडत नाही. किल्ली शोधू नका, कुलूप फोडायच्या भानगडीत पडू नका. जवळच्या मोठ्या नळावर एक फिरकी आहे, ती फिरवा. पेटी आत फडताळावर आहे. भांडीकुंडी समजून लोक तिच्यासमोरून दोनदा-तीनदा निघून जातात.

सगळीकडे पायी फिरायची मात्र गरज नाही. सिल्ट स्ट्रायडर (प्रवासी वाहणारे महाकाय कीटक), नावा, जादूगार संघाची वाहतूक आणि खूण केलेल्या जागी परत नेणारे मार्क-रिकॉल हे मंत्र मिळून प्रवासाचं मस्त जाळं तयार होतं. ते शिकून घेण्यात या गेमची निम्मी मजा आहे. नंतरच्या भागांनी ते काढून नकाशावर एका क्लिकचा प्रवास आणला, याची मला अजूनही हळहळ वाटते.

ऑब्लिव्हियन : मेहनत केली आणि पात्र दुबळं झालं

लोकांना रस्ता सापडत नाही म्हटल्यावर २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’ने होकायंत्रावर खूण दिली. वार चुकतात म्हटल्यावर लागलेला प्रत्येक वार मोजायला सुरुवात केली. महत्त्वाची माणसं मरून कथा तुटायची, म्हणून ती आता फक्त बेशुद्ध पडतात. हे सगळं चांगलंच झालं. पण त्याबरोबर शत्रूंना तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढवायची पद्धत मोठ्या प्रमाणावर आली आणि तिने असंख्य खेळाडूंना घोळात घेतलं.

मूळ आवृत्तीत सात मुख्य कौशल्यांमध्ये मिळून दहा वाढी झाल्या की झोपून लेव्हल वाढवायची. ताकद, चपळाई अशा प्रत्येक गुणात किती आकड्यांची भर पडणार, हे त्याच्याशी जोडलेली कौशल्यं त्या दरम्यान किती वाढली यावर ठरतं. दहा वाढी झाल्या तर पाचची भर, एक-दोनच झाल्या तर दोनची. आता कोणी ‘अ‍ॅथलेटिक्स’ आणि ‘अ‍ॅक्रोबॅटिक्स’ मुख्य कौशल्यांत घेतली, तर धावता-उड्या मारताच लेव्हल चढत जाते, लढाईची ताकद मात्र आहे तिथेच राहते. रस्त्यावरचे साधे दरोडेखोर काचेची महागडी चिलखतं घालून उभे राहतात आणि खेळाडू म्हणतो, ‘मी वाढतोय की घटतोय?’

उपाय सोपे आहेत. आपोआप वाढणारी कौशल्यं मुख्य यादीत घेऊ नका. एन्ड्युरन्स (सहनशक्ती) सुरुवातीपासून वाढवा, कारण प्रत्येक लेव्हलला मिळणारं आयुष्य (हेल्थ) त्या वेळच्या एन्ड्युरन्सच्या दहाव्या भागाइतकंच असतं आणि मागचं राहिलेलं नंतर भरून निघत नाही. क्वॅच शहराची लढाई लवकर उरका. लेव्हल कमी असताना तिथे स्कॅम्प हे किरकोळ राक्षस येतात; वीस-पंचवीसला गेलात तर दांडगे डेड्रॉथ येतात आणि तुमच्या सोबतच्या पहारेकऱ्यांचा टिकाव लागत नाही. एवढं करूनही जड जात असेल तर काठिण्याची पट्टी खाली ओढा. कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक उडीचा हिशेब ठेवणारे लोक मी पाहिलेत; अशाने गेमचा जीवच जातो.

एप्रिल २०२५मध्ये आलेल्या ‘रीमास्टर्ड’ आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला. तिथे दर लेव्हलला बारा गुण मिळतात, हवे तसे वाटा. त्यामुळे जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं मार्गदर्शन नव्या आवृत्तीला लावू नका.

स्कायरिम : खेळ सोपा, घोळ मॉडचे

११ नोव्हेंबर २०११ला आलेल्या ‘स्कायरिम’ने पात्राचे वर्ग, मुख्य कौशल्यं, गुणांची भर असं सगळं काढून टाकलं. कोणतंही कौशल्य वाढलं की लेव्हलकडे वाटचाल होते आणि दर लेव्हलला एक पर्क, म्हणजे एखाद्या कौशल्यातली खास क्षमता. इथली चूक एकच आणि ती फार लोक करतात : लोहारकाम, वस्तूंवर मंत्र चढवणं, बोलणं यांवर भराभर लेव्हल चढवायची आणि एकेक पर्क सतरा ठिकाणी टाकायचा. शत्रू तुमच्या लेव्हलकडे बघून वाढतात, तुम्हाला सौदा किती छान करता येतो त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. सुरुवातीचे बहुतेक पर्क एक हल्ल्याचं आणि एक बचावाचं कौशल्य यांतच घाला. पर्क वाया गेलेच, तर ‘ड्रॅगनबॉर्न’ या विस्ताराची (जोडभागाची) मुख्य कथा संपवल्यावर एका काळ्या ग्रंथात ड्रॅगनचा एक आत्मा खर्चून एका कौशल्याचे पर्क परत घेता येतात.

तांत्रिक तक्रारी मात्र सगळ्यात जास्त याच भागाच्या. सुरुवातीची बैलगाडी—खरं तर घोडागाडी—हवेत उडते, टेबलावरची भांडी स्फोट झाल्यासारखी उधळतात. याचं कारण बहुधा तुमचा नवा लॅपटॉप. या गेमचं भौतिकशास्त्र सेकंदाला साठ फ्रेम धरून बसवलेलं आहे. १४४ हर्ट्‌झच्या पडद्यावर ते बिघडतं. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन या गेमपुरती साठची मर्यादा घाला.

मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेले फेरबदल, घालणाऱ्यांसाठी महत्त्वाचं :

- गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. विंडोज तिथे फायली बदलायला आडकाठी करते. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाची वेगळी लायब्ररी दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडा.
- २०११चा मूळ गेम आणि २०१६चं ‘स्पेशल एडिशन’ यांचे मॉड एकमेकांत मिसळू नका.
- स्क्रिप्ट एक्स्टेंडर (काही मॉडना लागणारा जोडप्रोग्रॅम) गेमच्या नेमक्या आवृत्तीचाच हवा. स्टीमने रात्रीत अपडेट केलं की सकाळी गेम उघडत नाही, ते यामुळेच. गेम सुरू करतानाच अपडेट व्हावा असा पर्याय निवडा आणि गेम एक्स्टेंडरच्या लाँचरवरून उघडा.
- स्क्रिप्ट असलेला मॉड अर्ध्या खेळात काढू नका. त्याचे अवशेष सेव्ह फाइलमध्ये राहतात आणि गेम पुढे कधीतरी कोसळतो. काढायचाच असेल तर तो घालण्याआधीच्या सेव्हवर जा.

शेवटच्या सूचनेचा उपयोग व्हायला तसा सेव्ह जपलेला हवा. फक्त ऑटोसेव्हवर राहू नका. मॉड घालण्याआधी, मोठ्या गुहेत शिरण्याआधी, नव्या नावाने वेगळा सेव्ह करा.

कथेचा क्रम लावण्याची चूक

२०१४चा ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ हा सहावा भाग नाही. तो झेनिमॅक्स ऑनलाइनने केलेला अनेक खेळाडूंचा गेम आहे आणि त्याची कथा बाकीच्या भागांच्या कित्येक शतकं आधीची आहे. सहाव्या भागाची पहिली झलक जून २०१८मध्ये दिसली होती.

पाचही भाग क्रमाने खेळले नाहीत तर कथा कळणार नाही, ही भीतीही सोडा. ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम यांच्यात सुमारे दोनशे वर्षांचं अंतर आहे. नायक वेगळा, प्रांत वेगळा. अपवाद म्हणून एकच जोडी मी क्रमाने खेळायला सांगेन : मोरोविंडचा ‘ब्लडमून’ विस्तार आणि नंतर स्कायरिमचा ‘ड्रॅगनबॉर्न’. ब्लडमूनमध्ये सोल्स्थाइम बेटावर रेव्हन रॉक ही खाणवस्ती तुमच्यासमोर, तुमच्या निर्णयांनी उभी राहते. ड्रॅगनबॉर्नमध्ये त्याच वस्तीत उतराल तेव्हा खाण बंद पडलेली असेल आणि ती का बंद पडली, याचा शोध तुम्हालाच घ्यावा लागेल.