मॅग्ना कार्टावर लिहिताय? या चुका टाळा

‘१५ जून १२१५ रोजी जॉन राजाने रनीमीड इथे मॅग्ना कार्टावर सही केली आणि लोकशाहीचा पाया घातला.’ निबंधांत, भाषणांत, स्पर्धा परीक्षांच्या उत्तरांत हे वाक्य हमखास भेटतं. मॅग्ना कार्टा म्हणजे बंडखोर सरदारांनी इंग्लंडच्या जॉन राजाकडून मिळवलेली, त्याच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद. यातली तारीख आणि जागा बरोबर आहे. बाकीचं दुरुस्त करायला हवं.

सहीची चूक किरकोळ, पण टाळायला सोपी. सनदेवर राजाची मेणाची मुद्रा लागत असे, सही नव्हे. ‘एकमेव मूळ प्रत’ असंही लिहू नका. प्रती अनेक निघाल्या, त्यांतल्या चार आज उरल्या आहेत: दोन ब्रिटिश लायब्ररीत, एक लिंकन कॅथीड्रलची आणि एक सॉल्सबरी कॅथीड्रलची. मूळ लॅटिन मजकूर सलग होता. ६३ कलमांचे आकडे फार नंतर पडले.

सरदारांच्या डोक्यात ही कल्पना १२१५ मध्ये अचानक आली, असं समजू नका. पहिल्या हेन्रीने ११०० साली राज्याभिषेकाच्या वेळी अशीच सनद दिली होती आणि बंडखोरांनी तिचाच आधार घेतला. जॉनने १२०४ मध्ये फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांत गमावला, तो परत मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं पैसा उकळला आणि १२१४ मध्ये बूव्हिनच्या लढाईत त्याच्या मित्रपक्षांचा पराभव झाला. त्यानंतर सरदारांचा संयम संपला.

‘लोकशाही’ हा शब्द मात्र जपून वापरा. कायदेशीर निवाड्याशिवाय कैद नाही, हे ३९वं कलम ‘स्वतंत्र माणसा’साठी होतं. देशातले असंख्य भूदास, म्हणजे जमीनमालकाला बांधलेले शेतकरी, त्या व्याख्येत बसत नव्हते. करांसाठी राज्याची संमती घ्यावी असं १२वं कलम सांगतं, पण १४वं कलम ज्यांना बोलवायला सांगतं ते बिशप, मठाधिपती आणि राजाकडून थेट जमीन मिळालेले सरदार. ३९व्या कलमातला ‘समकक्षांचा निवाडा’ म्हणजे आजची ज्युरी, हेही चूक. फौजदारी खटल्यांत ज्युरी रुजली ती वेगळ्या कारणाने: त्याच वर्षी पोपच्या परिषदेने धर्मगुरूंना अग्निदिव्य, जलदिव्य अशा कसोट्यांत भाग घ्यायला मनाई केली आणि न्यायासाठी दुसरा मार्ग शोधावा लागला.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे १२१५ वरच थांबणं. त्या वर्षीची सनद फसली. ६१व्या कलमानुसार २५ सरदारांना राजाने वचन मोडल्यास त्याचे किल्ले आणि जमिनी जप्त करण्याचा अधिकार होता. असा अंकुश जॉन मानणं शक्यच नव्हतं. पोप तिसऱ्या इनोसंटने ऑगस्टमध्येच सनद रद्द ठरवली आणि यादवी पेटली. ऑक्टोबर १२१६ मध्ये जॉन वारला. गादीवर आला नऊ वर्षांचा तिसरा हेन्री. त्याचा कारभार पाहणाऱ्या विल्यम मार्शलने सरदारांना परत वळवण्यासाठी महिन्याभरात सनद नव्याने काढली, पण ६१वं कलम आणि करसंमतीची कलमं वगळून. १२१७ मध्ये ती पुन्हा निघाली, सोबत वनांची वेगळी सनद घेऊन.

मला खरा वळणबिंदू १२२५ वाटतो. यावेळी हेन्रीने सनद दिली आणि त्याबदल्यात जंगम मालमत्तेच्या पंधराव्या हिश्श्याइतका कर मिळवला. हक्क मान्य करा, मग पैसा घ्या, असा हा उघड व्यवहार होता. पहिल्या एडवर्डला युद्धखर्चासाठी पैसा हवा होता, तेव्हा १२९७ मध्ये त्यालाही सनद पुन्हा मान्य करावी लागली. त्या वेळी कायद्यांच्या दप्तरात गेला तो १२२५ चा मजकूर. त्यात जुनं ३९वं आणि ४०वं कलम मिळून २९वं झालं आहे. कलमाचा क्रमांक देताना सालही द्या, नाहीतर घोटाळा होतो.

पुढे १३५४ च्या कायद्याने हे संरक्षण कोणत्याही दर्जाच्या वा स्थितीच्या माणसाला लागू केलं आणि ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’ (कायद्याची रीतसर प्रक्रिया) हे शब्द आणले. भारतीय संविधानातल्या अनुच्छेद २१ ची, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची, वंशावळ सांगताना इथेच जपा. आपल्या संविधान सभेने हे शब्द विचारपूर्वक बाजूला ठेवून ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ स्वीकारली. ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या मेनका गांधी खटल्यात ठरवलं.