खुनाबद्दल लिहायला बसण्याआधी

क्राइम रिपोर्टर व्हायचं नाही, पण एखादा खून का झाला हे खोलात जाऊन लिहायचं आहे, असं म्हणणारी तरुण मंडळी अधूनमधून भेटतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, आरोपीची मुलाखत कशी मिळेल? माझं उत्तर ठरलेलं: ते मागाहून बघू, आधी कागद गोळा करा.

निकालपत्र ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बहुतेकदा फुकट मिळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे सोडले तर, एफआयआरही पोलिसांना संकेतस्थळावर टाकावी लागते. दोषारोपपत्र आणि पंचनामे मात्र इतक्या सहज हाती लागत नाहीत. कोर्टात नकलेचा अर्ज करा, नाहीतर दोन्ही बाजूंच्या वकिलांना गाठा. बचाव पक्षाचे वकील सरकारी वकिलांपेक्षा जास्त बोलतात, असा माझा अनुभव आहे.

पोलिसी मराठीचा सुरुवातीला वैताग येतो. 'सदर इसम', 'मयत', 'वर नमूद ठिकाणी'. पण त्यातच मालमसाला असतो. घटनास्थळाच्या पंचनाम्यात चतुःसीमा दिलेली असते: पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमक्याचा गोठा. नवखा वाचक या ओळी ओलांडून रक्ताच्या डागांकडे जातो. मी ती नावं वहीत उतरवते आणि साक्षीदारांच्या यादीशी ताडून बघते. भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस यादीत नसेल, तर तिथे थांबायचं. एका प्रकरणात असा शेजारी गायब होता. चौकशी केली तेव्हा कळलं, आरोपीच्या चुलत्याची जमीन तो बटाईने कसत होता. तो गप्प का, हे निकालपत्रात कुठेच नव्हतं.

आणखी एक. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो पुरावाही नसतो. साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला, तर विसंगती दाखवायला त्याचा उपयोग. तो जबाब अवतरणचिन्हांत घालून 'तो म्हणाला' असं लिहू नका. माफीच्या साक्षीदाराबाबतही, म्हणजे स्वतः गुन्ह्यात सामील असून माफीच्या बदल्यात साक्ष देणाऱ्याबाबतही, सावध राहा. पुण्यातलं १९७६-७७ चं जोशी-अभ्यंकर खून प्रकरण आजही बरेच जण माफीच्या साक्षीदाराने सांगितलं त्याच क्रमाने सांगतात. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली, त्यामुळे निकालाबद्दल वाद नाही. पण ज्याला माफी मिळालेली असते, तो त्या गोष्टीत स्वतःला कुठे उभं करतो, हे लिहिणाऱ्याने बघायला हवं. आणि 'विकृत' म्हणून मोकळं होऊ नका. या प्रकरणातले आरोपी, कला महाविद्यालयातली मुलं, खुनापर्यंत कशी गेली, हा प्रश्न तो शब्द लिहिला की बंदच होतो.

हेतू आणि कारण यांतला फरक शिकायचा तर खैरलांजीचे निकाल वाचा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात भोतमांगे या दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने मारले. वडील वाचले. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांचा मुद्दा पुढे आला होता. पण त्याच महिन्यात झालेल्या एका मारहाणीच्या प्रकरणात या मायलेकी साक्षीदार होत्या आणि त्यातले आरोपी हत्याकांडाच्याच दिवशी जामिनावर सुटले होते. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची शिक्षा केली. ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही ठिकाणी लागू धरला गेला नाही, उच्च न्यायालयाने हा सूड मानला.

कोर्टाला हेतू ठरवायचा असतो, तोही पुराव्यात बसेल तेवढाच. पण साक्ष दिल्याचा राग आख्ख्या कुटुंबावर काढावा, आणि गावाने ते होऊ द्यावं, हे कशातून येतं? त्यासाठी शेतातून जाणाऱ्या वाटेचा जुना वाद, जमिनीची मालकी, शिकणारी मुलगी गावाच्या डोळ्यांवर येणं, एवढं सगळं तपासावं लागतं. सातबारा, फेरफार आणि पोलीस ठाण्यातल्या जुन्या अदखलपात्र तक्रारी हे माझ्या मते अशा लेखनाचे खरे कागद. फॉरेन्सिकच्या सुरस कथा नंतर.

माणसांकडे जाताना तेरावं होईपर्यंत दार वाजवू नका. रेकॉर्डर विचारून लावा. 'तुमच्या लिहिण्याने न्याय मिळेल का?' असं विचारतातच. नाही म्हणून सांगा. काही जण तरीही बोलतात. आरोपीच्या घरीही जा. तिथे कोणी चहाही विचारत नाही, पण जुनी भांडणं बारकाव्यांसकट कळतात.

कायद्याचं थोडक्यात: बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि अल्पवयीनांसाठी पॉक्सोचं कलम २३ आहे. नाव बदललं पण गाव, शाळा आणि वडिलांचा धंदा लिहिला, तर ओळख उघड झालीच. अपील चालू असेल तर 'खुनी' न लिहिता 'दोषी ठरवलेला' लिहा, आणि छपाईला जायच्या आदल्या दिवशी त्या खटल्याची स्थिती पुन्हा एकदा पाहा.