सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर जागा करण्याआधीची तयारी

सी ड्राइव्ह भरत आल्याचं कळलं, तरी काहीही पुसण्याआधी एक आकडा हातात हवा: नक्की किती जागा लागणार आहे आणि कशासाठी. येत्या महिन्याचे पॅच (दुरुस्तीची अपडेट्स) बसवायचे आहेत म्हणून आठ-दहा जीबी मोकळे हवेत, ही एक गरज. ड्राइव्ह रोज थोडा थोडा भरतोय आणि आठवड्याभरात शून्यावर येईल, ही अगदी वेगळी. पहिलीला साफसफाई पुरते. दुसरीत साफसफाईने फक्त दिवस मिळतात, भरणारा कोण हे शोधावंच लागतं. विंडोज सर्व्हरसाठी किमान ३२ जीबी लागतात असं कुठेतरी वाचून कुणी चाळीस जीबीचा सी करून ठेवला असेल, तर मात्र पुसापुशीत वेळ घालवू नका, ड्राइव्ह वाढवायच्या तयारीला लागा. त्याचंही पुढे येतंच.

मोजणीसाठी ट्रीसाइज, विनडरस्टॅट किंवा विझट्री यांपैकी एखादं साधन आधीच आणून ठेवा. इन्स्टॉल न करता चालणारी प्रत मिळाली तर उत्तम. ती दुसऱ्या ड्राइव्हवरून चालवा आणि ॲडमिनच्या अधिकाराने चालवा. साध्या अधिकाराने चालवलं की दुसऱ्यांची प्रोफाइल्स आणि सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन हा फोल्डर दिसतच नाही, आणि साधनाची बेरीज एक सांगते, ड्राइव्हचे गुणधर्म दुसरंच. अधिकार देऊनही मोठा फरक उरला तर आधी शॅडो कॉपीवर, म्हणजे विंडोज राखून ठेवतं त्या ड्राइव्हच्या जुन्या स्थितीच्या प्रतींवर, संशय घ्या. व्हीएसएसॲडमिन या कमांडला शॅडो स्टोरेजची यादी विचारली की त्यांनी किती जागा अडवली आहे आणि कमाल मर्यादा किती ठेवली आहे, दोन्ही कळतं. मर्यादा कमी केली की जुन्या कॉप्या तिथल्या तिथे जातात, म्हणून ते करण्याआधी बॅकअप बघणाऱ्या माणसाशी बोलून घ्या.

मोजणीत विनएसएक्सएस हा विंडोजच्या घटकांचा फोल्डर (कंपोनंट स्टोअर) नेहमीच फुगलेला दिसतो. त्यातल्या बऱ्याच फायली हार्ड लिंकने (फाईल एकच, नाव दोन ठिकाणी) सिस्टिम फोल्डरशी जोडलेल्या असतात आणि एक्स्प्लोरर त्या दोन्हीकडे मोजतो. खरा आकार हवा असेल तर डिझम या विंडोजच्या कमांडला कंपोनंट स्टोअरचं विश्लेषण करायला सांगा. साफसफाईची शिफारस आहे की नाही, तेही तोच सांगतो. फोल्डरमध्ये जाऊन हाताने काही काढणं म्हणजे पुढचं अपडेट मोडून ठेवणं. साफ करायचं ते डिझमच्या ‘स्टार्ट कंपोनंट क्लीनअप’नेच. विंडोज स्वतःही हे काम शेड्युल करून करतं, पण नवी आवृत्ती बसल्यावर तीस दिवस थांबतं आणि तासाभराच्या मर्यादेत जमेल तेवढंच उरकतं. हाताने चालवलं की ही वाट बघणं नसतं. ‘रीसेट बेस’ हा जास्तीचा पर्याय आणखी जागा देतो, पण त्यानंतर आधी बसलेली अपडेट्स काढता येत नाहीत. कालच पॅच बसवले असतील आणि ते नीट चालतात की नाही याची खात्री नसेल, तर तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधीच्या अपडेटचा रीस्टार्ट बाकी असेल तर तो आधी उरका, नाहीतर डिझम मध्येच अडतो. आणि वेळ हाताशी ठेवा. टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ बसून राहते, म्हणून मध्येच बंद करायचा मोह होतो, तो आवरा.

डिस्क क्लीनअपवर अवलंबून असाल तर आवृत्ती बघा. २०१२ आर२ पर्यंतच्या सर्व्हरवर ते आयतं नसतं, डेस्कटॉप एक्स्पीरियन्स हे फीचर बसवावं लागतं, म्हणजे रीस्टार्ट आला आणि आधीच कमी असलेली जागा आणखी थोडी गेली. सर्व्हर कोअरवर, म्हणजे नेहमीचा डेस्कटॉप नसलेल्या विंडोज सर्व्हरवर, ते नाहीच. तिथे डिझम आणि पॉवरशेलच्या कमांड वापरायच्या.

आता एक जागा जी हमखास चुकते: विंडोजचा टेम्प फोल्डर. तो उघडल्यावर ‘कॅब’ आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या शेकडो फायली दिसल्या, तर त्या नुसत्या पुसून भागत नाही. अपडेटच्या नोंदी विंडोजच्या लॉग्स फोल्डरात, सीबीएस नावाच्या उपफोल्डरात साठतात. फाईल मोठी झाली की ती बाजूला काढून कॅब या दाबलेल्या प्रकारच्या फाईलमध्ये ठेवली जाते. पण दाबणारा मेककॅब हा प्रोग्राम दोन जीबीपेक्षा मोठ्या फाईलला हार जातो, अर्धवट कॅब टेम्पमध्ये टाकून देतो, आणि काही वेळाने तीच फाईल घेऊन पुन्हा प्रयत्न करतो. असा ड्राइव्ह भरत राहतो. तुम्ही टेम्प रिकामा करता, चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर ही सर्व्हिस थांबवणं, सीबीएसमधल्या त्या अवाढव्य जुन्या नोंदी हलवणं आणि मगच टेम्पमधल्या कॅब फायली काढणं, हा क्रम आधीच लिहून ठेवा. डिझम चालू असताना ही सर्व्हिस थांबवायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनमधला डाउनलोड फोल्डर रिकामा करायचा असेल तर विंडोज अपडेट आणि बिट्स (मागच्या मागे डाउनलोड करणारी) या दोन सर्व्हिस आधी थांबवा, नंतर आठवणीने सुरू करा.

काही फोल्डर आणि फायली ‘हात लावायचा नाही’ म्हणून ठळक लिहून ठेवा, विशेषतः रात्रीच्या वेळी हे काम दुसरं कुणी करणार असेल तर. विंडोजमधला इन्स्टॉलर फोल्डर त्यात पहिला. तो लपलेला असतो, कित्येक जीबी खातो आणि जुन्या एमएसआय (इन्स्टॉलच्या) फायलींचा ढीग वाटतो. पण त्याच फायली सॉफ्टवेअर दुरुस्त करताना, काढताना आणि त्यावर पॅच बसवताना लागतात. पुसल्याचा परिणाम कित्येक महिन्यांनी दिसतो आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही. दुसरे, डेटाबेसचे आणि मेल सर्व्हरचे ट्रान्झॅक्शन लॉग. नावात लॉग असला तरी त्या नोंदवह्या नव्हेत, डेटाचाच भाग आहेत. त्यांची जागा बॅकअप यशस्वी झाल्यावर मोकळी होते, म्हणून ते फुगले असतील तर चौकशी बॅकअपची करायची. प्रोफाइल्सचंही असंच: यूझर्समधला फोल्डर थेट पुसला तर रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहते आणि तो माणूस पुढच्या वेळी तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये शिरतो. सिस्टिमच्या प्रगत सेटिंगमधल्या यूझर प्रोफाइल्समधूनच काढा.

आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) चालत असेल तर आयनेटपबमधला लॉग फोल्डर बघा. आयआयएस रोज नवी फाईल सुरू करतं आणि जुन्या फायली स्वतःहून कधीच काढत नाही, त्यामुळे सर्व्हर उभा केल्या दिवसापासूनच्या नोंदी तिथे सापडू शकतात. पण त्या कुणाच्या तरी असतात. सुरक्षा किंवा ऑडिटवाल्यांना किती महिन्यांच्या नोंदी लागतात हे लेखी विचारून घ्या, उत्तर येईपर्यंत त्या दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा, आणि लॉगची जागाच आयआयएसच्या सेटिंगमध्ये बदलून टाका. हलवायला जागा नसेल तर त्या फोल्डरवर एनटीएफएसचं कॉम्प्रेशन लावा. मजकुराच्या फायली चांगल्या दबतात. अख्ख्या सी ड्राइव्हवर किंवा डेटाबेसच्या फायलींवर मात्र ते लावू नका.

मेमरी डॉट डीएमपी ही फाईल (सर्व्हर कोसळताना लिहिलेला मेमरीचा डंप) सापडली तर तारीख बघा. ताज्या क्रॅशची असेल आणि कुणी त्याचा तपास करत असेल तर हलवा, जुनी असेल तर काढा. पेजफाईल (रॅमला जोड म्हणून विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाईल) दुसऱ्या ड्राइव्हवर नेण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी ठरवून ठेवा: रीस्टार्ट कधी, आणि पुढे सर्व्हर कोसळला तर डंप हवा की नको. सी वर पेजफाईल अजिबात ठेवली नाही तर नेहमीच्या पद्धतीने डंप लिहिला जात नाही. छोटी पेजफाईल सी वर आणि मोठी दुसरीकडे, ही तडजोड मला बरी वाटते. रॅम नुकतीच वाढवली असेल तर पेजफाईल आपोआप फुगलेली असू शकते, तेही तपासा.

मागे फिरण्याची वाट म्हणून बॅकअप ताजा आहे ना, हे स्वतः बघा. व्हर्च्युअल मशीन असेल तर स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती राखणारी प्रत) घ्यायची सवय असते, पण इथे एक अडचण आहे. स्नॅपशॉट असताना व्हीएमवेअर डिस्क वाढवू देत नाही, हायपर-व्हीमध्येही चेकपॉइंट (तिथला स्नॅपशॉट) आडवा येतो. म्हणजे साफसफाई फसली आणि डिस्क वाढवायची वेळ आली, तर आधी स्नॅपशॉट काढावा लागेल. डोमेन कंट्रोलरसाठी (नेटवर्कची खाती आणि लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरसाठी) तर स्नॅपशॉटच्या भरवशावर राहूच नका, सिस्टिम स्टेटचा बॅकअप घ्या.

वाढवायचंच ठरलं तर डिस्क मॅनेजमेंट उघडून सी च्या उजवीकडे काय आहे ते आज बघून ठेवा. मोकळी जागा सी ला लागून असेल तरच तो वाढतो. मध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असेल तर ‘एक्स्टेंड’ निष्क्रिय दिसेल, आणि ते पार्टिशन हलवणं हे स्वतंत्र काम आहे, त्याला स्वतंत्र वेळ आणि बॅकअप लागतो. थिन डिस्क (लागेल तशीच स्टोरेजवर वाढणारी व्हर्च्युअल डिस्क) असेल तर हेही लक्षात असू द्या की आत मोकळी केलेली जागा स्टोरेजवर लगेच परत दिसेलच असं नाही.

कामाच्या वेळी एक्स्प्लोररमधून पुसलेलं बहुतेक सगळं रिसायकल बिनमध्ये जातं आणि तो बिन सी वरच असतो. प्रत्येक ॲडमिनचा वेगळा. आधी ते रिकामे करा, मग मोजा. सुरुवातीचा मोकळ्या जागेचा आकडा, प्रत्येक पायरीनंतरचा आकडा आणि थांबवलेल्या सर्व्हिसची नावं तिकिटात लिहीत जा. आठवड्याने त्याच साधनाने पुन्हा मोजायचं काम कुणाच्या तरी नावाने कॅलेंडरवर टाका, आणि आधीची मोजणी जपून ठेवा, म्हणजे दोन याद्या शेजारी ठेवल्यावर कुठला फोल्डर वाढतोय ते दिसेल.